मोहोळच्या हवेत टर्बो गाडीला इनटेक निवडताना

पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि दिवेघाटाकडून निघालेला पालखी महामार्गही मोहोळलाच येऊन मिळतो. असे रस्ते दारात असले की दमदार इंजिनाची गाडी घ्यावीशी वाटणारच. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर, फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी किंवा जुन्या बाजारातली पोलो जीटी या गाड्या कागदोपत्री हॅचबॅक नाहीतर सेडान असतात, पण मालकाच्या लेखी प्रत्येक स्पोर्ट्‌स कारच असते. अशी गाडी घरी आली की पहिला विचार येतो तो बाहेरचा एअर इनटेक बसवण्याचा. त्याला कारणंही आहेत. इंजिनच्या संगणकाचा मॅप बदलायला, म्हणजे रीमॅप करायला, धाडस लागतं, एक्झॉस्ट बदलला तर चौकात पोलीस थांबवतात. इनटेक मात्र बोनेटखाली राहतो, तासा-दोन तासांत बसतो आणि पहिल्यांदा पाय दाबताच कानाला फरक कळतो.

अडचण अशी, की ही किट बहुतेक अमेरिका, इटली, जपान अशा ठिकाणी घडवलेली असतात. तिथले रस्ते वेगळे, उन्हाळे वेगळे. डब्यावर लिहिलेलं असतं हवा किती जास्त आत जाते ते. मोहोळमध्ये आधी दोन प्रश्न विचारावे लागतात: आत जाणारी हवा किती गरम आहे आणि किती स्वच्छ आहे? या दोन्हींची उत्तरं नीट मिळाली, तरच तिसऱ्या प्रश्नाला अर्थ उरतो.

इंजिन किती हवा ओढतं?

पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या १४-१५ पट हवा लागते. आकारमानात मांडलं तर एका लिटरला साधारण ९ ते १० हजार लिटर हवा. वर्षाला २० हजार किलोमीटर फिरणारी आणि लिटरला १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी वर्षाकाठी सव्वा कोटी लिटरच्या आसपास हवा गिळते. एक लिटरचं टर्बो इंजिन ६,००० आरपीएमला, एक बार बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जादा दाबावर, असेल तर सेकंदाला जवळपास १०० लिटर हवा फिल्टरमधून जाते.

कंपनीचा एअरबॉक्स हा काळा प्लास्टिकचा डबा दिसायला साधा असतो, पण त्यात बरीच कामं कोंबलेली असतात. पुढच्या जाळीजवळून थंड हवा उचलणारं नळकांडं, आवाज मारणारे रेझोनेटर, घड्या घातलेला कागदी फिल्टर, सेन्सरची जागा. आवाज, खर्च आणि जागा सांभाळताना कंपनीने हवेचा थोडा अडथळा पत्करलेला असतो, हे खरं. पण तो अडथळा काढून हाती किती लागतं?

समजा, पूर्ण पाय दाबल्यावर कंपनीचा डबा आणि फिल्टर मिळून २ किलोपास्कलचा अडथळा करतात. मोहोळच्या उंचीवर हवेचा दाब ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो. नव्या फिल्टरने अडथळा निम्मा केला, तरी फायदा १ किलोपास्कलचा, म्हणजे जेमतेम एक टक्का. टर्बो नसलेल्या ९० पीएसच्या गाडीत हा एक पीएससुद्धा होत नाही. टर्बो गाडीत गणित आणखी वेगळं आहे. बूस्ट किती द्यायचा हे इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू ठरवतो. अडथळा कमी झाला तर टर्बो तेवढाच बूस्ट थोड्या कमी कष्टात आणि किंचित लवकर देतो, पण वरची ताकद जवळपास तेवढीच राहते. रीमॅप करून बूस्ट वाढवला, की मात्र हवेची मागणी वाढते आणि कंपनीचा डबा खरोखर अपुरा पडू शकतो. म्हणून रीमॅप न केलेल्या गाडीवर ‘१५ पीएस वाढ’ असं कुणी सांगितलं, तर कुठल्या डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), कुठल्या तापमानाला आणि बोनेट उघडं ठेवून की बंद ठेवून मोजलं, हे विचारा.

उन्हाळ्याचा हिशेब

हवा तापली की पातळ होते. दर तीन अंशांना घनता साधारण एक टक्क्याने घटते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना कंपनीचं नळकांडं पुढून तीच हवा घेतं. त्याऐवजी उघडा कोन फिल्टर टर्बो किंवा रेडिएटरच्या मागे लावला आणि गाडी मोहोळच्या चौकात किंवा सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रखडली, तर तो बोनेटखालची हवा ओढतो. ती ६७ अंशांवर गेली असेल तर बाहेरच्या हवेपेक्षा तिची घनता सात टक्क्यांहून अधिक कमी असते. फिल्टरने कमावलेला एक टक्का उन्हाने केव्हाच वसूल केलेला असतो.

‘टर्बो गाडीला इंटरकूलर आहे, मग काय बिघडतं?’ असं गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. इंटरकूलर हवा थंड करतो, पण आत येणारी हवाच तापलेली असेल तर टर्बोतून ती आणखी तापून निघते आणि इंटरकूलरवर जादा भार पडतो. इंजिन नॉक होऊ नये म्हणून ईसीयू इग्निशनचं टायमिंग मागे घेतो. गाडी दुपारी मंद आणि पहाटे चपळ वाटते, त्यामागचं एक कारण हे असतं. बसवलेला इनटेक चुकीचा असेल तर हा फरक आणखी रुंदावतो.

म्हणून पहिला नियम: मोहोळसारख्या ठिकाणी इंजिनच्या गरमीत उघडा ठेवलेला कोन फिल्टर घेऊ नये. पत्र्याची एक पट्टी आडवी लावून तिला ‘हीट शील्ड’ म्हटलं म्हणून उष्णता थांबत नाही. शील्ड बोनेटच्या रबराला टेकून चारी बाजूंनी बंद व्हायला हवं आणि पुढच्या जाळीतून त्यात थंड हवेची वाट यायला हवी.

धूळ, राख आणि फिल्टरचा आकडा

महामार्गावर हवा बऱ्यापैकी स्वच्छ मिळते, पण आपलं रोजचं फिरणं काही फक्त महामार्गावर नसतं. कुरूल, अनगर, वैराग अशा बाजूंना वळलं की साइडपट्टीची माती उडते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेलं पाचट, शेतात जाळलेल्या पाचटाची राख, शिवाय खडी क्रशरचा बारीक चुरा. यातला सगळ्यात घातक घटक म्हणजे सिलिका. तो पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासतो, आणि टर्बो गाडीत त्याआधी कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार खातो. टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या पुढेही फिरतं, त्या वेगाला कणभर वाळूही जड पडते.

फिल्टर किती धूळ अडवतो हे मोजण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्यात ठरावीक प्रकारची धूळ सोडून तीन गोष्टी पाहतात: किती टक्के धूळ अडली, हवेला किती अडथळा झाला आणि फिल्टर किती धूळ साठवू शकतो. विक्रेता नेमका अडथळ्याचाच आकडा पुढे करतो. तुम्ही पहिला आकडा मागा. त्यातही नुसते टक्के पाहून फसू नका. ९९.५ आणि ९८ यांत दीड टक्क्याचाच फरक वाटतो. पण इंजिनात जाते ती न अडलेली धूळ. एका फिल्टरमधून अर्धा टक्का जाते, दुसऱ्यातून दोन टक्के, म्हणजे चौपट.

फिल्टरचे प्रकार ढोबळमानाने चार. चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टर धूळ उत्तम अडवतो, स्वस्त असतो, ठरावीक काळाने बदलायचा असतो. तेल लावलेला सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो आणि हवा सहज सोडतो, पण त्याची धूळ अडवण्याची ताकद तेल किती नीट लागलंय यावर अवलंबून असते. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर तेल पुढे जाऊन सेन्सरवर. फोमचा फिल्टर भरपूर धूळ साठवतो, मात्र त्यालाही बहुधा तेल लागतं आणि उष्णतेने फोम जुना होऊन भुगा होऊ लागतो. चौथा कोरडा सिंथेटिक. तो धुता येतो, तेल लागत नाही. आपल्याकडच्या वापराला बाहेरचा फिल्टर घ्यायचाच असेल, तर आयएसओ ५०११ चा आकडा देणारा कोरडा फिल्टर जास्त सोयीचा.

‘रेसिंगमध्ये हाच वापरतात’ या वाक्याला भुलू नका. शर्यतीच्या गाडीचं इंजिन तासांच्या हिशेबाने उघडलं जातं, तपासलं जातं, बदललं जातं. तुमच्या इंजिनाने दोन लाख किलोमीटर काढायचे आहेत. दोघांच्या फिल्टरकडून अपेक्षा वेगळ्या असणारच.

बाजारातले चार पर्याय

पहिला पर्याय, कंपनीच्याच डब्यात बसणारा चपटा फिल्टर. डबा, थंड हवेचं नळकांडं, सेन्सर सगळं जागच्या जागी राहतं. आयात केलेल्या नामांकित फिल्टरला काही हजार रुपये पडतात. आवाजात थोडा फरक, ताकदीत नगण्य, धोका सर्वांत कमी.

दुसरा, आखूड पाइप आणि उघडा कोन. बसवायला सोपा, आवाजाला सर्वांत मोठा. टर्बोचा ‘फुस्स’ ऐकू यावा म्हणून बहुतेक जण हाच घेतात. तो आवाज आधीही होत होता, एअरबॉक्सने तो दाबला होता. तो ऐकू आला म्हणजे ताकद वाढली असं नाही. आपल्या उन्हात आणि धुळीत चौघांत हा शेवटचा.

तिसरा, लांब पाइपने फिल्टर बंपरच्या आत खाली नेणारा कोल्ड एअर इनटेक. हवा थंड मिळते, पण पाण्याचा धोका वाढतो. त्याबद्दल पुढे.

चौथा, झाकणबंद डब्याचं पूर्ण किट. मोठा फिल्टर, बंद डबा, पुढून हवेची रुंद वाट, गुळगुळीत पाइप. किंमत बरीच, कधी तीस-चाळीस हजारांच्या घरात. रीमॅप केलेल्या किंवा करणार असलेल्या गाडीलाच हा खर्च शोभतो.

सेन्सर ओळखा

किट मागवण्याआधी आपल्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर कोणता, हे पाहा. एअरबॉक्समधून बाहेर पडताच पाइपवर तारांचा कनेक्टर असलेला एमएएफ सेन्सर असेल, तर तो पाइपमधून जाणारी हवा मोजतो. त्याचं मोजमाप पाइपच्या व्यासावर ठरलेलं असतं. समजा मूळ पाइप ६० मिलिमीटरचा आणि किटचा ६५ चा. छेदाचं क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं, हवेचा वेग त्या प्रमाणात कमी होतो आणि सेन्सरला वाटतं हवा कमी आली. ईसीयू पेट्रोल कमी सोडतो आणि मिश्रण कोरडं होतं. म्हणून एमएएफ असलेल्या गाडीत सेन्सरच्या जागेचा व्यास मूळ पाइपइतकाच हवा. काही गाड्यांत याच जागी फक्त तापमानाचा सेन्सर असतो, तेव्हा कनेक्टर पाहून घाईने निष्कर्ष काढू नका. सर्व्हिस मॅन्युअलवरून किंवा जाणत्या मेकॅनिककडून खात्री करून घ्या.

अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे व्यासाचा प्रश्न सौम्य होतो, पण दुसरी काळजी लागते. इंजिनमधल्या वाफांची नळी, बायपास व्हॉल्वची नळी या टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडलेल्या असतात. किटमध्ये त्यांच्या मापाची तोंडं नसतील तर मिस्त्री जुगाड करतो, क्लॅम्प सैल राहतो आणि त्या फटीतून न गाळलेली धूळ थेट टर्बोत जाते. फिल्टर कितीही भारी असो, त्याच्या मागची एक सैल नळी सगळं वाया घालवते.

पावसाळा आणि सीना

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. एरवीही ओढ्यावरच्या सखल पुलांवर आणि रेल्वेखालच्या बोगद्यात पाणी साचतं. बंपरमध्ये खाली टेकवलेला फिल्टर अशा पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. दुरुस्तीचा खर्च इनटेकच्या किमतीच्या कित्येक पट जातो, आणि विम्यात इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घेतलेलं नसेल तर तो बहुधा खिशातूनच भरावा लागतो.

कोल्ड एअर इनटेक घ्यायचाच असेल, तर फिल्टरचं तोंड हेडलाइटच्या उंचीच्या खाली जाणार नाही असा आकार निवडा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि प्लग काढून पाणी तपासून घ्या. कंपनीचा डबा उंचावर का ठेवलेला असतो, याचं एक कारण हेही आहे.

कायदा, वॉरंटी, विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले, कंपनीने ठरवलेले तपशील बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या फेरफाराला, सुटे भाग बसवण्यासह, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

कंपनीच्या डब्यात त्याच मापाचा फिल्टर बदलणं ही देखभालच मानली जाते. डबा काढून उघडा पाइप लावणं ही वेगळी गोष्ट आहे. वॉरंटीतल्या गाडीचा टर्बो किंवा सेन्सर गेला, तर सर्व्हिस सेंटर आधी बाहेरच्या इनटेककडे बोट दाखवेल. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत मूळ डबा हलवू नये. नंतर बदललाच तर जुने भाग जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो.

घेताना आणि बसवल्यावर

नामांकित फिल्टरच्या नकली प्रती बाजारात आणि ऑनलाइन भरपूर आहेत. अधिकृत विक्रेता, पक्कं बिल आणि डब्यावरचा पार्ट नंबर कंपनीच्या यादीशी ताडून पाहणं, एवढं केलं तरी बरीच फसवणूक टळते. चपटा फिल्टर हातात घेतल्यावर त्याच्या रबरी कडा पाहा. कडा कडक, वाकडी किंवा मापाला किंचित लहान असेल तर धूळ कडेने आत जाते आणि मधल्या सुताला काही अर्थ राहत नाही.

बसवल्यावर तीन तपासण्या करा. पहिली, हजार किलोमीटरनंतर फिल्टरच्या पुढचा, इंजिनकडचा पाइप उघडून पांढऱ्या कापडाने आतून पुसा. कापडावर धूळ आली तर सील फसलंय, गाडी तशीच चालवू नका. दुसरी, स्वस्तातला ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल घेऊन आत येणाऱ्या हवेचं तापमान बदलाआधी आणि बदलानंतर नोंदवा. रस्ता तोच, वेळ तीच, बाहेरचं तापमान सारखंच. पळत्या गाडीत फिल्टरकडच्या सेन्सरचा आकडा बाहेरच्या तापमानाजवळ हवा, तो वाढून बसला असेल तर इनटेक चुकला. तिसरी, त्याच स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा. शून्याच्या आजूबाजूला पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक दहाच्या पुढे जात असेल तर कुठून तरी न मोजलेली हवा येतेय किंवा सेन्सर चुकतोय. पी ०१७१ कोडसह इंजिनचा दिवा लागला, तर त्याचा अर्थही मिश्रण कोरडं झालं असाच आहे. ताकद मोजायची असेल तर पुण्यासारख्या शहरातल्या डायनोवर जा, महामार्गावर घड्याळ लावून नाही.

देखभालीत एक सवय मोडायला हवी. गाडी सर्व्हिसिंगला गेली की कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारून तो पुन्हा बसवतात. जोरदार हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर निकामी होतो. थोडा मळलेला फिल्टर उलट नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो, त्यामुळे दर आठवड्याला उघडून झटकण्याची गरज नाही. धुळीच्या भागात पाच हजार किलोमीटरला पाहावा आणि कंपनीने धुळीच्या वापरासाठी दिलेल्या कमी अंतरावर बदलावा. धुता येणारा फिल्टर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, आणि त्याला लागणारं तेल त्या फिल्टरच्या कंपनीचंच वापरावं.

कोणी काय घ्यावं?

गाडी वॉरंटीत असेल, किंवा टर्बो नसेल, तर चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड घ्या. मोहोळहून सोलापूरला जाताना त्यांचा फरक रोज जाणवेल.

गाडी टर्बो असेल, वॉरंटी संपली असेल आणि थोडी हौस भागवायची असेल, तर कंपनीच्या डब्यात बसणारा कोरडा सिंथेटिक फिल्टर पुरेसा आहे. सोबत नळ्या आणि क्लॅम्प तपासून जुने झालेले बदला. जुन्या गाडीत हरवलेली ताकद बऱ्याचदा फाटक्या नळीतूनच गळत असते.

रीमॅप पक्का ठरला असेल, तर ट्यूनरशी आधी बोला आणि तो ज्या झाकणबंद किटवर मॅप लिहितो तेच घ्या. आधी इनटेक आणि मग ट्यूनर असा उलटा क्रम लावला, तर एकदा बसवलेलं पुन्हा काढावं लागण्याची शक्यता असते.

आणि केवळ आवाजासाठी उघडा कोन लावायचा मोह आवरत नसेल, तर निदान गळीत हंगामात आणि भर उन्हाळ्यात मूळ डबा परत बसवा. तो काढण्या-घालण्याचा तासभराचा वैताग टर्बोच्या बिलापेक्षा नक्कीच स्वस्त पडतो.